‘रद्द’चं बटण तुम्ही दाबू नका
वाचकांचे प्रश्न : विमान कर्मचाऱ्यांचा संप आणि प्रवाशांचे हक्क

वैमानिक, केबिन क्रू किंवा विमानतळावरचे कर्मचारी संपावर जाणार अशी बातमी आली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच असतो : आता आमच्या पैशांचं काय? या वेळी निवडलेले प्रश्न मुंबई आणि आसपासच्या वाचकांचे आहेत.

प्रश्न : कुटुंबातलं लग्न मडगावला आहे. आम्ही सहा जण मुंबईहून गोव्याला विमानाने जाणार, जायचं-यायचं तिकीट एकत्रच काढलं आहे. केबिन क्रूने संपाची नोटीस दिल्याचं वाचलं. तिकीट आत्ताच रद्द केलेलं बरं का? (डोंबिवली)

नाही. तुम्ही स्वतः तिकीट रद्द केलंत तर तो तुमचा निर्णय ठरतो आणि कंपनी नेहमीचा रद्दीकरण आकार कापून घेते. स्वस्त भाड्याच्या तिकिटात हा आकार मूळ भाडं आणि इंधन आकार मिळून होणाऱ्या रकमेइतका असू शकतो, म्हणजे हाती फक्त कर आणि विमानतळ शुल्क परत येतं. तेच विमान कंपनीने रद्द केलं, तर पूर्ण पैसे परत किंवा दुसरं विमान, यातलं काय हवं ते तुम्ही ठरवायचं असतं. कारण संपाचं असलं तरी हा हक्क जात नाही. म्हणून कंपनीच्या निर्णयाची वाट पाहा. तारीख विनाशुल्क बदलण्याची सवलत कंपनीने संपापायी स्वतःहून जाहीर केली, तर मात्र ती जरूर वापरा.

नोटीस आली म्हणजे संप झालाच, असंही नाही. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार संपाआधी १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. समेटाची बोलणी सुरू झाली की ती चालू असताना आणि संपल्यावर ७ दिवस संप करता येत नाही. नोटिशीची तारीख बातमीत शोधा, त्यात १४ दिवस मिळवा आणि तुमचं विमान त्या तारखेच्या अलीकडे आहे की पलीकडे ते पाहा. खरी अडचण होते ती नोटीस न देता सगळे एकदम रजेवर गेले की. मे २०२४मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन क्रूने एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली आणि विमानं भराभर रद्द झाली. पण कामगार आयुक्तांसमोर काही दिवसांतच तोडगाही निघाला. याउलट २०१२मध्ये एअर इंडियाच्या वैमानिकांचा संप ५८ दिवस चालला. ‘दोन दिवसांत मिटेल’ हे गृहीत धरून लग्नाचा बेत आखू नका.

तुमच्या तिकिटाबद्दल आणखी तीन गोष्टी सांगायला हव्यात, कारण माणसं नेमकी इथेच अडकतात.

पहिली गोष्ट परतीच्या तिकिटाची. जाण्याचं विमान न पकडता तुम्ही परस्पर रेल्वेने गोव्याला गेलात, तर कंपनीच्या लेखी तुम्ही ‘नो-शो’ होता आणि त्याच पीएनआरवरचं परतीचं तिकीट आपोआप रद्द होऊ शकतं. जाण्याचं विमान कंपनीने रद्द केलं असेल, तर फक्त तेवढ्या भागाचा परतावा मागा आणि परतीचं तिकीट कायम असल्याचं लेखी कळवायला सांगा. नंतर संकेतस्थळावर पीएनआर टाकून स्वतः खात्री करा.

दुसरी, सहा जणांची. एका पीएनआरवर सहा जण असले की यंत्रणा सहा जागा एकत्र असलेलं विमान शोधते, आणि संपाच्या दिवसांत ते सापडत नाही. काउंटरवर किंवा फोनवर पीएनआर फोडून द्यायला सांगा, दोन-दोनचे तीन किंवा चार आणि दोन. प्रत्येक गटात मुलांबरोबर एक मोठं माणूस असेल असं आधीच घरी ठरवून ठेवा. काउंटरवर ती चर्चा सुरू केलीत तर तोवर जागा गेलेल्या असतात.

तिसरी, गोव्यात विमानतळ दोन आहेत. पर्यायी विमान दाबोळीऐवजी मोपाला उतरणारं मिळू शकतं. मोपा उत्तरेला पेडण्यात आहे आणि तिथून मडगाव दाबोळीपेक्षा बरंच लांब पडतं. लग्नाच्या दिवशी सकाळी पोहोचणार असाल तर हा फरक मुहूर्त चुकवू शकतो. तिकिटावर दाबोळीसाठी ‘जीओआय’ आणि मोपासाठी ‘जीओएक्स’ असं छापलेलं असतं, ते बघून मगच होकार द्या.

प्रश्न : रेल्वेचा पर्याय हाताशी ठेवायचा तर कसा? तत्काळ मिळेल का? (ठाणे)

एसी डब्यांचं तत्काळ आरक्षण गाडी सुरुवातीच्या स्थानकावरून सुटते त्याच्या आदल्या दिवशी सकाळी १० वाजता उघडतं, बिगर-एसीचं ११ वाजता. जुलै २०२५पासून आयआरसीटीसीवर तत्काळ काढायला खात्याची आधार पडताळणी झालेली असावी लागते. ही पडताळणी आजच करून ठेवा; सकाळी ९ वाजून ५५ मिनिटांनी करू गेलात तर ओटीपीच्या वाटेतच जागा संपतील. एका तत्काळ तिकिटावर चारच प्रवासी बसतात, म्हणून वरच्या कुटुंबासारखे सहा जण असाल तर दोन खात्यांवरून दोघांनी एकाच वेळी प्रयत्न करावा.

कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केलं तर काहीही परत मिळत नाही. म्हणून ‘असू दे हाताशी’ म्हणून तत्काळ काढणं महागात पडतं. प्रवासाला आठवडाभर असेल तर साधं आरक्षण काढावं. ते लवकर रद्द केलं तर थोडीच रक्कम कापली जाते.

प्रश्न : मुंबई-दिल्ली विमान सुटायला तीन तास असताना रद्द झाल्याचा संदेश आला. मी टर्मिनल २वर पोहोचलो होतो. काउंटरवर ‘संप आहे, काहीही मिळणार नाही’ असं उत्तर मिळालं. हे बरोबर आहे का? (मुलुंड)

अर्धंच बरोबर आहे. काउंटरवर तीन वेगवेगळे हक्क एका वाक्यात गुंडाळले जातात. ते वेगळे करून पाहा.

परतावा किंवा दुसरं विमान हा पहिला हक्क. तो संपातही पूर्ण शाबूत असतो.

दुसरा हक्क थांबण्याच्या काळातल्या सोयीचा. रद्द झालेल्या विमानासाठी तुम्ही विमानतळावर हजर झाला असाल आणि दुसऱ्या विमानाची वाट पाहत असाल, तर खाणंपिणं मागा. विमान रद्द न होता नुसतं लांबलं असेल तर नियम असा : अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला २ तास उशीर झाला की अल्पोपाहार, अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला ३ तासांनंतर, त्याहून लांब असेल तर ४ तासांनंतर. हॉटेल मिळतं ते २४ तासांपेक्षा जास्त उशीर झाला तर, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेत सुटणारं विमान ६ तासांहून अधिक लांबलं तर. उशिराच्या बाबतीत मात्र ‘असाधारण परिस्थिती’चं कारण दाखवून कंपनी या सोयींतून अंग काढून घेऊ शकते. तरीही मागणी करावी. कूपन देण्याचे अधिकार काउंटरच्या प्रमुखाकडे असतात आणि बऱ्याचदा मागणाऱ्यालाच ते मिळतं.

तिसरा हक्क रोख भरपाईचा, आणि संपात लंगडा पडतो तो हाच. विमान रद्द होणार हे किमान २४ तास आधी कळवलं नाही, तर परताव्याशिवाय वेगळी भरपाई द्यावी लागते : एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५००, दोन तासांवरच्या उड्डाणाला १०,०००, किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातली जी रक्कम कमी असेल ती. मुंबई-दिल्लीचं वेळापत्रकातलं उड्डाण दोन तासांच्या वर जातं, म्हणजे तुमची मर्यादा १०,०००. पण मूळ भाडं आणि इंधन आकार मिळून ३,२०० होत असतील तर ३,२००च. बुकिंग करताना तुमचा फोन किंवा ईमेल नीट दिलेला नसेल तर भरपाई नाही. एजंट स्वतःचाच नंबर टाकतात, ते इथे नडतं.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमात असाधारण परिस्थितीच्या यादीत संप आणि कामगार वाद स्पष्ट लिहिले आहेत. काउंटरवरचा माणूस त्याचाच आधार घेतो. पण त्याच नियमात अटही आहे : कंपनीने सर्व वाजवी उपाय करूनही टाळता आली नसती, अशीच ती परिस्थिती असायला हवी. दोन आठवडे आधी नोटीस मिळूनही कंपनी तिकिटं विकत राहिली आणि तीन तास आधी विमान रद्द केलं, तर ‘वाजवी उपाय’ काय केले हे तिला विचारता येतं. म्हणून काउंटरवर भांडण्यात वेळ घालवू नका. विमान रद्द होण्याचं कारण लेखी मागा. आलेल्या संदेशात ‘ऑपरेशनल कारण’ एवढंच असेल तर तो संदेश जपून ठेवा. कंपनीने नंतर संपाची ढाल पुढे केली की दोन कारणांतली ही तफावत तुमच्या बाजूने बोलते.

प्रश्न : परताव्याऐवजी कंपनी ‘क्रेडिट’ घ्यायला सांगते आहे. तिकीट मोबाइल ॲपवरून काढलं होतं. ॲपवाले म्हणतात कंपनीला विचारा, कंपनी म्हणते ॲपला विचारा. (विलेपार्ले)

क्रेडिट घ्यायचं की पैसे, हे तुम्ही ठरवायचं. कंपनीला क्रेडिट लादता येत नाही. संदेशातल्या दुव्यावर घाईने टिचकी मारू नका. कित्येकदा मोठं ठळक बटण क्रेडिटचं असतं आणि परताव्याचा पर्याय खाली बारीक अक्षरात असतो. क्रेडिट एकदा स्वीकारलं की मागे फिरणं कठीण.

कार्डाने थेट कंपनीकडून तिकीट घेतलं असेल तर रद्द झाल्यापासून ७ दिवसांत परतावा व्हायला हवा. ॲप किंवा एजंटमार्फत घेतलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच असते, कारण एजंट हा तिचाच प्रतिनिधी. दोघांना एकाच ईमेलमध्ये लिहा : पीएनआर, विमान क्रमांक, तारीख, भरलेली रक्कम आणि ‘परतावा मूळ खात्यातच हवा’ हे वाक्य. ॲपने वेगळा घेतलेला सुविधा आकार बहुधा परत येत नाही. त्यासाठी बाकीची रक्कम अडवून ठेवू नका. मुदत उलटून गेली तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे सेवा न मिळाल्याचा वाद नोंदवता येतो, त्याला चार्जबॅक म्हणतात. बँकेची मुदत मोजकी असते, म्हणून महिनोन्महिने थांबू नका.

एक सावधगिरी. संपाच्या दिवसांत सर्च करून मिळणारे ‘कस्टमर केअर’ नंबर मोठ्या प्रमाणावर बनावट असतात. परतावा ‘पाठवण्यासाठी’ कोणी ओटीपी, यूपीआय पिन किंवा स्क्रीन शेअर करायचं ॲप मागितलं, तर फोन तिथेच ठेवा. नंबर फक्त तिकिटावरचा किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरचा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा.

प्रश्न : मुलगी जर्मनीत शिकते. फ्रँकफर्ट-मुंबई विमान केबिन क्रूच्या संपामुळे आदल्या दिवशी रद्द झालं. तिथले नियम वेगळे आहेत असं ऐकलं. (दादर)

वेगळे आहेत, आणि प्रवाशाच्या बाजूने आहेत. युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला, भारतीय कंपनीच्यासुद्धा, तिथला नियम क्रमांक २६१ लागू होतो. उलट दिशेला, मुंबईहून फ्रँकफर्टला, तो फक्त युरोपीय कंपनीच्या विमानाला लागतो. फ्रँकफर्ट-मुंबई अंतर ३,५०० किलोमीटरच्या बरंच वर आहे, म्हणजे भरपाई ६०० युरो. पर्यायी विमानाने मुलगी मूळ वेळेनंतर चार तासांच्या आत पोहोचली असेल, तर कंपनी ही भरपाई निम्मी करू शकते. विमान १४ दिवस आधी रद्द केलं असतं तर भरपाई लागली नसती. इथे आदल्या दिवशी केलं आहे.

भारतीय नियमाशी मोठा फरक संपाबाबत आहे. युरोपीय न्यायालयाने एप्रिल २०१८मध्ये टुइफ्लाय आणि मार्च २०२१मध्ये एसएएस या विमान कंपन्यांच्या प्रकरणात सांगितलं की कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा संप हा तिच्या व्यवसायाचाच भाग आहे, तो असाधारण प्रसंग नव्हे. म्हणून तुमच्या मुलीचा दावा भक्कम आहे. विमानतळावरच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांनी किंवा हवाई वाहतूक नियंत्रकांनी संप केला असता तर भरपाई मिळाली नसती. पण जेवण, हॉटेल आणि दुसरं विमान तेव्हाही द्यावंच लागतं.

तिने दावा कंपनीच्या संकेतस्थळावरच्या अर्जातून स्वतःच करावा. रकमेचा मोठा भाग कापून घेणाऱ्या दलाल कंपन्यांकडे जायची सुरुवातीला गरज नसते. जर्मनीत दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे आणि ती ज्या वर्षी विमान रद्द झालं त्या वर्षाच्या अखेरीपासून मोजतात. हॉटेल, टॅक्सी, जेवण यांच्या पावत्या वेगळ्या जोडाव्यात, तो खर्च ६०० युरोंशिवाय वेगळा मागायचा असतो.

पर्यायी मार्ग स्वीकारताना मात्र व्हिसा बघा. लंडनमार्गे तिकीट दिलं तर भारतीय पासपोर्टवर विमानतळातून बाहेर न पडताही बहुधा ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिकेमार्गे जायचं तर अमेरिकेचा व्हिसाच हवा. तो नसेल तर विमानात चढू देत नाहीत आणि ती चूक तुमची धरली जाते. दोन वेगवेगळ्या तिकिटांवर जोडविमान घेतलं असेल तर पहिलं रद्द झाल्यावर दुसऱ्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. सगळा प्रवास एका पीएनआरवर असावा तो याचसाठी.

प्रश्न : पर्यायी तिकीट दिलं, पण सुटण्याचं ठिकाण नवी मुंबई. चालेल का? (बोरिवली)

चालतं की नाही हे तुम्ही ठरवा. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५पासून विमानं सुटू लागली आहेत आणि दोन्हीकडे सेवा असलेली कंपनी तुम्हाला तिकडून जागा देऊ शकते. तिकिटावर ‘बीओएम’ऐवजी ‘एनएमआय’ दिसेल. गर्दीच्या वेळी बोरिवलीहून उलव्याला जायला लागणारा वेळ धरून होकार द्या, नाहीतर सहारहून सुटणारं पुढचं विमान मागा. टर्मिनल १ आणि २ यांतही हीच गल्लत होते. दोन्हींमध्ये रस्त्याने काही किलोमीटर अंतर आहे. मेट्रो ३ची दोन्हींजवळ स्वतंत्र स्थानकं आहेत, पण मेट्रो रात्रभर धावत नाही; पहाटेच्या विमानाला टॅक्सीच धरावी लागते.

प्रश्न : सामान जमा करून आत गेल्यावर विमान रद्द झालं तर? (गिरगाव)

आत गेल्यावर स्वतःहून बाहेर येता येत नाही. कंपनीचे कर्मचारी यादी करून गटाने बाहेर नेतात, सुरक्षा दलाचे जवान बोर्डिंग पासवर नोंद करतात. आगमनाच्या पट्ट्यावर सामान यायला तास-दोन तास सहज लागतात, कारण संपात सामान उतरवणारी माणसंही कमी असतात. बॅगेचा टॅग, म्हणजे बोर्डिंग पासला चिकटवलेला तो छोटा कागद, फेकू नका. सामान न घेता घरी जाऊ नका. जावंच लागलं तर आधी काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान मोडतोड होऊन आलं तर ७ दिवसांत आणि उशिरा आलं तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी कळवावं लागतं.

संपाच्या बातम्या असतील तर शक्यतो फक्त हातातली बॅग घेऊन निघावं. सामान जमा नसलेल्या प्रवाशाला दुसऱ्या विमानात बसवणं कर्मचाऱ्यांना कितीतरी सोपं जातं. रक्तदाब-मधुमेहाची तीन दिवसांची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि चार्जर हातातल्या बॅगेतच. इन्सुलिन जमा सामानात कधीही ठेवू नका. व्हीलचेअर लागणाऱ्या ज्येष्ठांसाठी पर्यायी विमान मिळालं की व्हीलचेअरची मागणी पुन्हा नोंदवा. जुन्या तिकिटावरची विनंती नव्यावर आपोआप येतेच असं नाही.

प्रश्न : प्रवास विमा संपासाठी उपयोगी पडतो का? (चेंबूर)

संप जाहीर होण्यापूर्वी घेतला असेल तर. बातमी आल्यावर घेतलेल्या पॉलिसीत तो ‘आधीच माहीत असलेला प्रसंग’ ठरून दावा फेटाळला जातो. पॉलिसीत ‘कॉमन कॅरिअरचा (म्हणजे प्रवासी वाहतूक करणाऱ्या कंपनीचा) संप’ हे शब्द आणि किती तासांच्या उशिरानंतर पैसे मिळतात ते वाचा. दाव्यासाठी विमान रद्द झाल्याचं कंपनीचं प्रमाणपत्र लागतं. ते त्याच दिवशी ईमेलवर मागून ठेवा.

प्रश्न : कंपनी दाद देत नाही. पुढे कुठे जायचं? वकील लागतो का? (लालबाग)

आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला लिहा, मग अपील अधिकाऱ्याला. दोघांचे ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावर दिलेले असतात. सोबत नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा ॲपवर तक्रार नोंदवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. बऱ्याच परताव्यांचा प्रश्न इथेच सुटतो.

नाही सुटला तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. तिकिटासाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि दूरदृश्य सुनावणीही मागता येते. मुदत दोन वर्षांची. तक्रारीचा मसुदा एकदा जाणत्या माणसाला दाखवावासा वाटला तर मुंबई ग्राहक पंचायतीच्या तक्रार मार्गदर्शन केंद्रात जा.

जोडायचे कागद : तिकीट, रद्द झाल्याचा संदेश (पाठवणाऱ्याचं नाव आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट), विमानतळावरच्या फलकाचा फोटो, पर्यायी प्रवासाची आणि जेवण-मुक्कामाची बिलं, नोडल अधिकाऱ्याशी झालेला पत्रव्यवहार. संदेश मोबाइलवर ठेवून भागत नाही, फोन बदलला की तो जातो. त्याच संध्याकाळी स्वतःलाच ईमेल करा. मागणी लिहिताना परतावा, वरचा प्रत्यक्ष खर्च आणि मनस्तापाची भरपाई हे तीन आकडे वेगवेगळे मांडा. भरपाईच्या आकड्यावर वाद झाला तरी पहिल्या दोन रकमा त्यात अडकून पडत नाहीत.